गिऱ्हाईक कुठाय?

मागच्या दिवाळीत भाचीचा फोन आला. पुण्यात हॉस्टेलला असते, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणाली, मामा, मी पण आता अ‍ॅफिलिएट मार्केटिंग चालू केलंय, तुझ्यासारखंच. मला बरं वाटलं, खरं सांगायचं तर जरा छातीच फुगली, कारण घरात आत्तापर्यंत माझ्या या उद्योगाला "तो काहीतरी लिंक-बिंक टाकतो" याच्या पलीकडे कोणी किंमत दिली नव्हती. म्हटलं वा, काय विकतेस? म्हणाली, कोर्स. कसला कोर्स? अ‍ॅफिलिएट मार्केटिंगचा. बरं, मग तो कोर्स घेतलेले लोक पुढे काय विकणार? पलीकडे थोडा वेळ शांतता. मग जरा हळू आवाजात, "तोच कोर्स."

मग एकेक बाहेर आलं. इन्स्टावर एका पोरीचं रील बघितलं होतं, गाडीला टेकून उभी, हातात आयफोन, मी पण तुमच्यासारखीच मिडल क्लास होते वगैरे, आणि शेवटी "इन्फो" अशी कमेंट करा. हिने केली. लगेच डीएम, मग झूमवर वेबिनार, मग आज रात्री बारापर्यंतच ऑफर, आणि सात हजाराचं पॅकेज. पॅकेजं तीन होती म्हणे, लहान, मधलं, मोठं, आणि तुमच्याकडे लहान असेल आणि तुमच्या लिंकवरून कोणी मोठं घेतलं तरी तुम्हाला कमिशन लहानाच्याच हिशोबाने, म्हणून आधी तुम्ही अपग्रेड करा. पहिली दोन गिऱ्हाइकं कोण? दोघी रूममेट.

आता हिला रागवून काही उपयोग नव्हता, कारण ती शब्दाला फसली होती आणि तो शब्द मी स्वतः दहा वेळा घरात जेवताना वापरलाय. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा ही म्हण आपण शाळेत नुसती पाठ केली, ती अशी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. हे लिहायचं कारण एवढंच की अ‍ॅफिलिएट, एमएलएम (म्हणजे माणसाखाली माणूस जोडत माल विकायची साखळी), पिरॅमिड (जिथे पैसा मुळात नवीन भरतीतूनच येतो), पॉन्झी हे सगळे शब्द लोक एकाच पिशवीत टाकतात, आणि त्याचा फायदा नेमका चुकीच्या माणसांना होतो.

माझं काम काय ते आधी सांगतो. माझं एक छोटं यूट्यूब चॅनल आहे, मिक्सर, घरघंटी, इडलीपात्रं, इंडक्शन असल्या स्वयंपाकघरातल्या वस्तू वापरून बघतो आणि बरं-वाईट सांगतो. खाली लिंक टाकतो. त्या लिंकवरून कोणी जाऊन वस्तू घेतली तर दुकानदार, म्हणजे ती वेबसाईट, मला काही टक्के देते. घेणाऱ्याला एक रुपया जास्त पडत नाही. रोज सकाळी चहाबरोबर डॅशबोर्ड उघडतो तर त्यात काय दिसतं, क्लिक चारशे, ऑर्डर नऊ, त्यातल्या दोन रिटर्न, आणि कमिशन इतकं की घरच्या गॅसचा सिलेंडर येईल किंवा नाही येणार. दिवाळीत जरा बरं होतं. बास, एवढंच. याच्यात श्रीमंत होणारे लोक आहेत, मी नाही.

आपल्याकडे हे काही नवीन नाही. शिर्डीला स्टँडवर उतरा, रिक्षावाला विचारतोच, साहेब लॉज पाहिजे का. तो तुम्हाला नेऊन सोडतो, लॉजवाला त्याच्या हातावर काहीतरी टेकवतो. हा रिक्षावाला म्हणजे अ‍ॅफिलिएट. आता बघा, रिक्षावाल्याने लॉजवाल्याला आधी सात हजार भरलेत का? नाही. रिक्षावाला दुसऱ्या दहा रिक्षावाल्यांना जोडून त्यांच्या कमाईतला हिस्सा खातो का? नाही. लॉजमध्ये झोपायला जो येतो तो रिक्षावाला आहे का? नाही, तो बिचारा नाशिकहून दर्शनाला आलेला माणूस आहे, त्याला खरंच रात्रीपुरती खोली पाहिजे. या शेवटच्या माणसाकडे नीट लक्ष द्या, कारण सगळा लेख त्याच्यावर उभा आहे.

इंटरनेटवर ही पद्धत मोठी केली अ‍ॅमेझॉनने, १९९६ साली, तेव्हा ते फक्त पुस्तकं विकायचे. त्यांच्या नियमांमध्ये एक बारीक कलम आहे जे बहुतेक लोक वाचत नाहीत आणि नंतर बोंब मारतात: स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी घेतलेल्या वस्तूवर कमिशन मिळत नाही. मी सुरुवातीला हुशारी करून बायकोसाठी हँड ब्लेंडर माझ्याच लिंकवरून मागवला होता, शून्य आलं. तेव्हा राग आला. आता वाटतं की अख्ख्या विषयात याच्याइतका स्पष्ट फरक दुसरा नाही. अ‍ॅफिलिएटमध्ये तुमची स्वतःची खरेदी मोजतच नाहीत, कारण कंपनीला बाहेरचं गिऱ्हाईक पाहिजे असतं. आणि साखळीच्या धंद्यात तुमची स्वतःची खरेदी हीच पहिली अट असते, ती केल्याशिवाय तुमचा आयडीच चालू होत नाही.

साखळीचं मी घरात बघितलंय. माझा मामेभाऊ, वयाने मोठा, आम्ही त्याला दादा म्हणतो. सांगलीत एमआयडीसीत चांगली नोकरी होती. एका रविवारी मला म्हणाला, चल, एका बिझनेस मीटिंगला जायचंय, काय ते विचारू नको, तिथे कळेल. मंगल कार्यालयाचा हॉल, बाहेर अजून आदल्या दिवशीच्या लग्नाच्या अक्षता पडलेल्या, आत शंभरेक खुर्च्या, आणि मे महिन्याच्या उकाड्यात टाय लावलेला माणूस व्हाइट बोर्डवर गोल काढतोय. वर एक गोल, हे तुम्ही. खाली सहा गोल, हे तुमचे मित्र. सहा मित्र तर सगळ्यांना असतात ना, सर? असतात! मग त्या प्रत्येकाचे सहा. लोक टाळ्या वाजवत होते. मी गणितात काठावर पास होणारा माणूस, तरी घरी येऊन कॅल्क्युलेटर काढला.

सहा, मग छत्तीस, मग २१६, मग १,२९६. इथपर्यंत बोर्डावर लिहिलेलं होतं. पुढचं तो लिहीत नाही. दहाव्या पायरीला ६ कोटी ४ लाख माणसं लागतात. अकराव्या पायरीला ३६ कोटी २७ लाख, आणि २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख होती, त्यात पाळण्यातली पोरं आणि अंथरुणावरचे आजोबा पण धरलेले. तेराव्या पायरीला १,३०६ कोटी, तेवढी माणसं पृथ्वीवरच नाहीत. पण लोक नेहमी एवढाच हिशोब सांगून थांबतात, आणि साखळीवाले त्याला हसून उत्तर देतात की अहो कुठे तेराव्या पायरीपर्यंत जायचंय, आपण पाचव्यालाच डायमंड, म्हणजे साखळीतला वरचा हुद्दा, होतो. म्हणून त्यातली खरी गोम सांगतो. सहा-सहाची साखळी तुम्ही कुठल्याही पायरीला थांबवा, तिसऱ्या, पाचव्या, नवव्या, त्या क्षणी शंभरातली साधारण त्र्याऐंशी माणसं सगळ्यात खालच्या ओळीत असतात आणि त्यांच्या खाली कोणी नसतं. दोन-दोनची केली, तो बायनरी का काय म्हणतात ना, लेफ्ट लेग राईट लेगवाला, तर निम्म्याहून थोडी जास्त. म्हणजे बहुतेकांचं नुकसान हे कोणी आळशी होता, कोणी फॉलोअप केला नाही, कोणाचा माइंडसेट निगेटिव्ह होता म्हणून होत नाही, ते त्या गोलांच्या आकारातच आहे. खाली कोणीतरी असल्याशिवाय वरचा कमावू शकत नाही आणि खालच्या ओळीत नेहमीच सगळ्यात जास्त लोक असतात.

दादाने शंभर नावांची लिस्ट केली. नातेवाईक, शाळेतले मित्र, कंपनीतले, दूधवाला पण होता त्यात. वर्षभरात आमच्या घराण्यात असं कोणी उरलं नाही ज्याला त्याने प्लॅन दाखवला नाही. लग्नात लोक त्याला बघून जेवणाची रांग बदलायला लागले. आणि दर महिन्याला "अ‍ॅक्टिव्ह" राहायला अमुक रुपयांची खरेदी करावीच लागायची, म्हणून त्यांच्या माळ्यावर प्रोटीन पावडर, टूथपेस्ट आणि भांड्यांच्या लिक्विडचे खोके. वहिनी सांगतात, दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी त्याच पेस्टने दात घासले, पाहुणा आला तरी त्याला जाताना एक ट्यूब. प्रॉडक्ट वाईट होतं का? नाही हो, चांगलं होतं. फक्त दुकानात जी पेस्ट तेवढ्याच कामाला निम्म्या पैशात मिळते ती सोडून ही कोण घेणार, तर जो साखळीत आहे तोच.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे एमएलएम सगळं फ्रॉड. मी तसं म्हणत नाही, आणि कायदाही तसं म्हणत नाही. आमच्या जुन्या कॉलनीत एक काकू कॅटलॉग घेऊन क्रीम आणि लिपस्टिक विकायच्या, बायका हौसेने घ्यायच्या, काकूंनी कधी कोणाला "जॉईन हो" म्हटलं नाही. कागदावर त्या पण डायरेक्ट सेलिंग कंपनीच्याच, म्हणजे दुकानाऐवजी माणसांमार्फत थेट माल विकणाऱ्या. कॉलनीतल्या बायका, साखळीबाहेरच्या, त्या क्रीमसाठी पैसे देत होत्या, शिर्डीच्या खोलीत झोपणाऱ्या माणसासारख्या. काकूंच्या खाली किती लेव्हल होत्या हा प्रश्न दुय्यम. उलट काही अ‍ॅफिलिएट प्रोग्रॅममध्येही तुम्ही दुसरा अ‍ॅफिलिएट आणलात तर त्याच्या विक्रीवर थोडं कमिशन मिळतं, एक लेव्हल असते, पण प्रवेश फुकट असेल आणि पैसा बाहेरच्या गिऱ्हाइकाचा असेल तर त्याने काही बिघडत नाही. म्हणून "लेव्हल मोजा" हा जो सल्ला सगळे देतात तो मला फार तकलादू वाटतो. लेव्हल कितीही असू देत, जो पैसा वाटला जातोय तो आला कोणाच्या खिशातून एवढं विचारा.

बाहेरचा खिसाच नसला की काय होतं ते आपण २०११ ला बघितलं. स्पीक एशिया. ११ हजार भरायचे, आठवड्याला दोन सर्व्हे ऑनलाईन भरायचे, एका सर्व्हेचे ५०० रुपये, आणि वर माणसं जोडली तर बोनस. आमच्या ऑफिसातले तीन जण त्यात होते, डबा खाता खाता सर्व्हे भरायचे. वर्षाचे ५२ हजार होतात असा हिशोब त्यांनी मला समजावला होता आणि मी जवळजवळ भरलेच होते, बायकोने एकच विचारलं, तुझं मत विकत घेतंय कोण? तिला मार्केटिंगमधलं काही कळत नाही पण प्रश्न तोच होता. ज्या कंपन्यांसाठी हे सर्व्हे होतात म्हणून सांगितलं जात होतं त्या मोठमोठ्या कंपन्यांनी हात वर केले, आमचा काही संबंध नाही. मग पैसा कुठून येत होता? मागून येणाऱ्यांच्या अकरा हजारातून. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे प्रकरण गेलं, लाखो लोकांचे पैसे अडकले. इथे सर्व्हे हे नावापुरतं काम होतं, जसं माझ्या भाचीच्या बाबतीत कोर्स हे नावापुरतं प्रॉडक्ट.

पॉन्झी याच्याहून थोडं वेगळं, तेही सांगून टाकतो कारण गल्लत होते. १९२० साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झी ४५ दिवसात ५० टक्के परतावा द्यायचा, नव्याचे पैसे जुन्याला. त्यात तुम्हाला माणसं आणावीच लागतात असं नाही, तुम्ही नुसते पैसे ठेवून घरी बसता. जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या टोरेस नावाच्या दागिन्यांच्या दुकानाबाहेर जी गर्दी झाली, चमकत्या खड्यांवर दर आठवड्याला परतावा मिळणार म्हणून भाजीवाल्यांपासून नोकरदारांपर्यंत सगळ्यांनी पैसे टाकलेले, ते या जातीतलं, वर माणसं आणणाऱ्याला बक्षीस पण होतं म्हणजे दोन्हीची भेसळ. असो. तो विषय वेगळा आहे, पण तिथेही तुम्ही तोच प्रश्न विचारला असता तर उत्तर तेच मिळालं असतं.

आता कायदा. लोकांना वाटतं आपल्याकडे कायदाच नाही. आहे, आणि तो माझ्या भाचीच्या आईपेक्षा फार लहान नाही. १९७८ चा प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन स्कीम बंदी कायदा. त्यात मनी सर्क्युलेशन स्कीमची व्याख्या करताना सुरुवातीलाच एक शब्दप्रयोग आहे, त्याचा अर्थ होतो "नाव काहीही असो". झटपट पैसा मिळवायची कुठलीही योजना, नाव काहीही असो, जिच्यात पैसे मिळणं हे सभासद भरती होण्यावर अवलंबून आहे. १९७८ सालच्या सरकारी माणसाला कळलं होतं की हे लोक नाव बदलणार. याच कायद्याखाली आंध्र प्रदेश हायकोर्टाने २००७ साली अ‍ॅमवे या डायरेक्ट सेलिंग कंपनीची योजना मनी सर्क्युलेशनमध्ये बसते असं म्हटलं होतं. त्याच अ‍ॅमवेला अमेरिकेत १९७९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने पिरॅमिड नाही असं ठरवलं, कारण त्यांच्या नियमात होतं की माल परत घेऊ, घेतलेल्यातला ७० टक्के माल विकलेला असला पाहिजे, महिन्याला दहा किरकोळ गिऱ्हाइकं दाखवली पाहिजेत. म्हणजे तिथेही निकाल शेवटी गिऱ्हाइकावरच लागला. पुढे एप्रिल २०२२ मध्ये ईडीने अ‍ॅमवे इंडियाची ७५७ कोटींची मालमत्ता जप्त केली, आरोप पिरॅमिडचाच.

आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने डायरेक्ट सेलिंगचे नियम आणले, ग्राहक संरक्षण कायद्याखाली. त्यात स्पष्ट आहे की जॉईन होण्याची फी घ्यायची नाही, डेमो किटचे पैसे घ्यायचे नाहीत, पिरॅमिड चालवायचा नाही. एक नियम तर मला फार आवडतो, डायरेक्ट सेलरने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरी जायचं नाही. दादा गळ्यात आयकार्ड घालून अपॉइंटमेंट घेऊन आमच्याकडे येतोय असं चित्र डोळ्यासमोर आणा. भारतात हा धंदा नात्यावर चालतो आणि नात्यात कोण आयकार्ड बघतं?

मग गडबड कुठे आहे? गडबड अशी आहे की डायरेक्ट सेलिंगवर नियम आल्यावर हुशार लोकांनी डायरेक्ट सेलिंग हा शब्दच टाकून दिला. आता अपलाइन (ज्याने तुम्हाला जोडलं तो) नाही, मेंटॉर. डाउनलाइन (तुम्ही जोडलेले) नाही, कम्युनिटी. जॉईनिंग फी नाही, कोर्स. प्लॅन दाखवणं नाही, वेबिनार. आणि तुम्ही डिस्ट्रिब्युटर नाही, अ‍ॅफिलिएट. आम्ही एड-टेक आहोत साहेब, स्किल शिकवतो. अमेरिकेत पण हे आधी झालंय, २०१५ मध्ये तिथल्या ट्रेड कमिशनने व्हेमा नावाच्या एनर्जी ड्रिंकवाल्या कंपनीवर पिरॅमिडचा खटला भरला, ती कॉलेजच्या पोरांना जोडायची, आणि सुरुवातीला जे सहाशे डॉलरचं पॅकेट घ्यायला लावायचे त्याचं नाव काय होतं, "अ‍ॅफिलिएट पॅक". सांगलीतल्या टायवाल्यांना आता हॉल भाड्याने घ्यायची पण गरज नाही, एक रिंग लाईट पुरते.

यांच्याशी वाद घालायला गेलात की दोन उत्तरं ठरलेली. पहिलं, अहो कुठल्याही कंपनीत पिरॅमिडच असतो, वर साहेब, मध्ये मॅनेजर, खाली कामगार, मग नोकरी पण पिरॅमिडच ना? हे ऐकून शंभरातले नव्वद गप्प बसतात, मी पण त्या हॉलमध्ये बसलो होतो. पण कारखान्यातला कामगार आत शिरायला पैसे भरत नाही, महिन्याच्या शेवटी त्याला पगार मिळतो, आणि तो पगार येतो ट्रॅक्टर विकत घेणाऱ्या शेतकऱ्याकडून, नवीन कामगारांच्या भरतीतून नाही. दुसरं, एलआयसीचा एजंट पण तर नातेवाईकांनाच धरतो. धरतो, आणि वैताग आणतो, मान्य. पण पॉलिसी घेणारा माणूस एजंट होत नाही. तुम्ही हप्ता भरता तो स्वतःच्या विम्यासाठी, पुढे चार जणांना पॉलिसी चिकटवायला नाही.

एवढं झाल्यावर माझ्या बाजूची घाण पण काढतो, नाहीतर तुम्ही म्हणाल स्वतःचा धंदा आला की साळसूद. अ‍ॅफिलिएट पिरॅमिड नाही म्हणून पवित्र आहे असं अजिबात नाही. शिर्डीचा रिक्षावाला तुम्हाला चांगल्या लॉजवर नेतोच असं नाही, जास्त कट देणाऱ्या लॉजवर नेतो. तेच इथे. मिक्सरला हात न लावता "टॉप १० मिक्सर" लिहिणारे शेकड्याने आहेत. बेटिंग अ‍ॅपच्या लिंका टेलिग्रामवर टाकून पोरांना कर्जात घालणारे पण तांत्रिकदृष्ट्या अ‍ॅफिलिएटच, पैसा बाहेरच्या गिऱ्हाइकाचाच येतो, फक्त ते गिऱ्हाईक बुडतं. आणि माझंच सांगायचं तर, एकदा दोन मिक्सर जवळजवळ सारखे वाटले तेव्हा मी ज्याचं कमिशन जास्त त्याची लिंक वर टाकली. महिन्याभराने जळगावच्या एका ताईंची कमेंट आली, दादा, चटणीच्या भांड्याच्या तळातून पाणी गळतंय. माझ्याकडचा पीस गळत नव्हता. पण मी ती लिंक वर का टाकली हे मला माहिती होतं. व्हिडिओ काढला, नवीन केला, त्यात पहिल्या वाक्यात सांगितलं की लिंकवरून घेतलंत तर मला पैसे मिळतात. हे सांगणं खरंतर आधीपासूनच बंधनकारक आहे, जाहिरात क्षेत्राच्या अ‍ॅस्की या संस्थेची इन्फ्लुएन्सरसाठीची नियमावली २०२१ ची, आणि जानेवारी २०२३ मध्ये सरकारच्या ग्राहक खात्याने पण वेगळी काढली. मी पाळत नव्हतो. आजूबाजूचे बहुतेक अजून पाळत नाहीत.

आणि याच्यात भरवसाही नाही. अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये, एका मेलने कमिशनचे दर कापले, फर्निचरचं ८ टक्क्यांवरून ३ टक्के. तिथे घरं त्याच्यावर चालवणारे लोक होते. कोणी काही करू शकलं नाही. म्हणून कोणी मला विचारलं की नोकरी सोडून हे करू का, तर मी नाही म्हणतो. पण यात बुडालात तर वेळ बुडतो, रात्री जागून केलेले व्हिडिओ बुडतात. आईने एफडी मोडून दिलेले सात हजार बुडत नाहीत, आणि शेजारच्या पलंगावर झोपणारी मैत्रीण बुडत नाही. मला हा फरक फार मोठा वाटतो.

आता माझं म्हणणं. नवीन कायदा आणा, अ‍ॅफिलिएटसाठी लायसन्स काढा असं काही लोक म्हणायला लागलेत. कृपा करून नको. लायसन्स काढलं की रिक्षावाल्याला फॉर्म भरावे लागतील आणि टायवाला तेच लायसन्स फ्रेम करून भिंतीवर लावेल, "सरकारमान्य". त्यांना तेच पाहिजे असतं, आत्ताही कंपनी रजिस्ट्रेशनचं आणि जीएसटीचं सर्टिफिकेट दाखवूनच गळाला लावतात. माझं मागणं एकाच आकड्याचं आहे. जी कंपनी आत येताना पैसे घेते, मग त्याला फी म्हणा, कोर्स म्हणा, किट म्हणा, स्टार्टर पॅक म्हणा, आणि वर दुसऱ्याला आणल्यावर पैसे देते, तिने पैसे घेण्याआधी लिहून सांगावं की गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या दर शंभर रुपयातले किती रुपये अशा लोकांकडून आले ज्यांनी कधीच काही विकायला सुरुवात केली नाही. बास. माझा आकडा शंभर आहे, कारण माझी स्वतःची खरेदी मोजतच नाहीत. काकूंचा चांगला असेल. दादाच्या कंपनीचा काय असेल मला माहीत नाही पण त्यांनी तो सांगितला असता तर त्या दिवशी हॉलमधल्या अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या असत्या.

हे करायला १९७८ चा कायदा आणि २०२१ चे नियम पुरेसे आहेत, राज्य सरकारांनी देखरेखीची यंत्रणा उभी करायची हे त्या नियमातच लिहिलंय. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी, आणि ती करणाऱ्या चेहऱ्यासाठीसुद्धा, पहिल्या वेळी दहा लाखापर्यंत दंडाची तरतूद ग्राहक कायद्यात आहे, म्हणजे गाडीला टेकून उभ्या राहिलेल्या त्या पोरीला पण विचारता येतं की बाई, ही गाडी कोणाची? पण आपल्याकडे पोलीस येतात दुकानाला कुलूप लागल्यावर, वरातीमागून घोडं, आणि तोपर्यंत तक्रार करायला कोणी पुढे येत नाही, कारण प्रत्येकाने आपल्याच चार माणसांना आत ओढलेलं असतं. तक्रार केली तर आधी स्वतःच्या मेव्हण्याला तोंड द्यावं लागतं. दादाने आजपर्यंत तक्रार केलेली नाही. त्याचा अपलाइन त्याचा शाळेतला बेंचवरचा मित्र होता.

भाचीला मी एवढंच सांगितलं की तू एक कागद घे आणि त्यावर लिही की हा कोर्स ज्याला पुढे विकायचा नाहीये असा एक तरी माणूस तुला भेटला का, ज्याला नुसतं शिकायचं होतं. तिने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, "नाही रे." रिफंड मागितला तर उत्तर आलं की मुदत संपली, आणि सोबत मोटिव्हेशनचा एक व्हिडिओ. मग तिला दोघी रूममेटवर जे कमिशन मिळालं होतं ते तिने त्यांना परत केलं, तिचे सात हजार गेले ते गेले. एक रूममेट हसली, म्हणाली जाऊ दे, चल वडापाव खाऊ. दुसरी अजून बोलत नाही. दिवाळीची सुट्टी संपून भाची परत आली तेव्हा त्या दुसरीने वॉर्डनला सांगून खोली बदलून घेतली होती.